कापवाले, वळणवाले आणि दसूकी पिंजारी

पिंजाऱ्याचा धंदा जमिनीवर बसून करायचा. खुर्चीवर बसून कुणी नवरीची रजई शिवली, असं महल्ला शहराच्या आसपासच्या गावांत कुणी कधी ऐकलं नव्हतं. अंगणात चटया टाकायच्या, पिंजलेला कापूस खोळीत पसरायचा, काठीनं बडवून सारखा करायचा आणि मग त्या रजईच्याच मध्यावर मांडी ठोकून बसायचं. मधलं फूल आधी काढायचं आणि टाक्यामागं टाका घालत, सरकत सरकत काठाकडं यायचं. बायका ताल धरून गाणी म्हणत असतात, येणारा-जाणारा नवरीच्या नावानं कापसावर नोट टाकत असतो, आणि पिंजारी मान खाली घालून सुई चालवत असतो.

दसूकी असा पिंजारी होता. टाका बघून बायका सांगायच्या, ही दसूकीच्या हातची. तांदळाचे दाणे एका रांगेत मांडावेत तसा टाका.

शौकियाशी लग्न झालं तेव्हा गडी अंगानं दोरीसारखा होता. मग काय झालं ते शौकियालाही नीट सांगता यायचं नाही. नवरीच्या घरी गेला की जेवल्याशिवाय कुणी सोडायचं नाही. रजईच्या दिवशी पिंजारी उपाशी गेला तर नवरीच्या अंगावर ऊब राहत नाही, असं म्हाताऱ्या म्हणायच्या. आज बदक, उद्या लोण्यात भाजलेला भात, परवा कबुतरं. आणि दिवसभर चहा, पेल्यामागून पेला. आधी कंबर गेली, मग मान गेली. बसला की उठवायला एक माणूस लागायचा, मग दोन लागायला लागली.

शेवटी समन्नूदकडच्या एका वाडीत तो रजई पुरी करून उठायला गेला आणि उठलाच नाही. चौघांनी धरलं, तरी नाही. कुणीतरी गोठ्यातून म्हशीचा दोर आणला. काखेतून घालून ओढलं तेव्हा उभा राहिला. बायकांनी तोंडावर पदर घेतले. हसू दाबायला घेतलेले पदर त्याला कळत होते. घरी येऊन त्यानं सुया तेलाच्या कापडात गुंडाळून ठेवल्या आणि पुन्हा काम घेतलं नाही. दुकानाबाहेरच्या बाकावर बसून राहायचा. लोक फोमच्या गाद्या घेऊन समोरून जायचे आणि मान दुसरीकडे वळवायचे.

मग नस्माचं ठरलं. एकुलती पोर. भाताच्या गिरणीचे मालक अब्दुल मोअती, त्यांचा धाकटा मुलगा. सोयरीक तोलामोलाची नव्हती. गिरणीवाले वरचे, पिंजारी खालचे. पण पोरानं हट्ट धरला आणि अब्दुल मोअती दिलदार माणूस, म्हणाले, पोर आवडली, बस. फक्त एक बोलले. बोलले ते चांगल्या मनानंच, हसत हसत. "पिंजाऱ्याची पोर फोमच्या गादीवर आमच्या घरात येनार का काय?"

त्या संध्याकाळी दसूकीनं तेलाच्या कापडातल्या सुया काढून बघितल्या. मग शौकियाला म्हणाला, "नस्माची रजई दुसऱ्या कुणी शिवली तर मी त्या मांडवात पाय ठेवायचा न्हाई. तांत्याला जायाचं. पोटाचं आपरेशन करून घ्यायचं."

शौकियानं हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढून त्याच्यापुढं ठेवल्या, खर्चाला.

तांता शहरातल्या त्या पोटाच्या डॉक्टरांकडं बसायला लोखंडी बाकं होती, तीन माणसांच्या रुंदीची, आणि एकेका बाकावर एकच माणूस. शौकिया पहिल्यांदा गेली तेव्हा तिला वाटलं, इथं सगळे चिडीचूप बसत असतील, दुखणं घेऊन आलेले. पण तिथं तर तावातावानं पार्ट्या पडल्या होत्या. ऑपरेशनं दोन प्रकारची. एकात पोटाचा मोठा भाग कापून टाकायचा आणि केळ्याएवढी नळी ठेवायची. दुसऱ्यात पोटाची वर चिमुकली पिशवी करायची आणि खालचं आतडं उचलून तिला जोडायचं, म्हणजे अन्नाची वाटच वळवायची. पहिलं केलेले ते कापवाले, दुसरं केलेले ते वळणवाले. डॉक्टर म्हणायचे, दोन्ही चांगली, पण सही तुमची, विचार तुम्ही करा. विचार करायचा म्हटल्यावर काय, ज्याला त्याला तोंड होतं.

कापवाल्यांचे पुढारी हाज्जी बय्यूमी. खारवलेल्या माशाचे व्यापारी. दोन वर्षांपूर्वी कापून घेतलं होतं आणि तपासणीला येत ते खरं म्हणजे भाषण करायला येत. अंगरखा वर करून लोंबणारी कातडी दाखवायचे, जसा काही विकायला आणलेला माल.

"माझं पोट आता केळ्याएवढं हाय," ते सांगायचे. "केळ्यात काय मावतंय? केळंच मावतंय. आन् भुकेची गाठच काढून टाकत्यात त्येच्यासंगं. भूकच न्हाई तर खातोय कोन?"

समोरच्या बाकावर इतिमाद बाई बसायच्या, सरकारी शाळेत भूगोल शिकवणाऱ्या. अजून त्यांचं व्हायचं होतं, पण त्या पक्क्या वळणवाल्या. त्यांच्या बहिणीनं कापून घेतलं होतं आणि चार वर्षांत होती तशी झाली.

"भूक गेली ना हाज्जी? मग खिशात त्या पांढऱ्या गोळ्या कशाला?" बाई विचारायच्या. "रात्री उशाला तीन उशा घेऊन बसता, छातीत आग पडते म्हणून. तुमच्या सुनेनं सांगितलं मला."

"सून मेली फितूर हाय."

"पोट रबराचं असतं. कापलं तरी ताणतं. वाट वळवली की काम झालं. कालव्याला बांध घालून पाणी खालच्या चारीत सोडतात, तसं. मधली शेतं कोरडी."

"आन् सांधे?" हाज्जी बोट उगारायचे. "दोन ठिकानी जोडत्यात. नळाचा सांधा गळतोय, पंपाचा सांधा गळतोय, आन् मानसाचा सांधा गळायचा न्हाई व्हय? आमच्या आळीतल्या शहाताचा गळला. चाळीस दिवस दवाखान्यात."

"तुमच्या कापण्यात काय गळत नाही?"

असं चालायचं. मध्ये कुणी नवखा आला की दोन्हीकडून त्याच्यावर झडप. मतदानाच्या दिवशी आळीत असते तशी ओढाताण. फोनवर त्यांचा एक गटही होता, त्यात दिवसरात्र बोललेले निरोप यायचे. शौकिया ते ऐकत भाजी निवडायची. कापवाल्याचा निरोप ऐकला की तिला कापणं बरं वाटायचं, वळणवाल्याचा ऐकला की वळण.

दसूकी ऐकून घेणारा. तिसऱ्या खेपेला त्यानं पहिल्यांदा तोंड उघडलं. "कापल्यावर शिवण केवढी पडती?"

हाज्जींनी छातीखालून बेंबीच्या अंगाला बोट ओढलं. "एवढी."

"आन् वळणाला?"

इतिमाद बाईंनी दोन बोटं जुळवून आखूड दोन रेघा दाखवल्या.

"मग लांब शिवणीपरीस दोन आखूड टाके बरे," दसूकी म्हणाला. "शिवण लांब, तितकी उसवायची जागा जादा."

"घ्या," हाज्जी म्हणाले. "पिंजारी आता डॉक्टरला टाका शिकवनार. वस्ताद, मानसाच्या पोटात कापूस नसतो."

हसले सगळे. दसूकीही हसला. पण मनात ते अजून पक्कं नव्हतं. आत डॉक्टरांपुढं बसल्यावर त्याचं मन कापण्याकडं झुकायला लागलं, कारण ते लवकर उरकतं आणि लग्न जवळ आलेलं. डॉक्टरांनी विचारलं, गोड खाता का? त्यानं छातीवर हात ठेवला. "गोडाला शिवत न्हाई. सणाचं गोड कहक-बिस्किटसुद्धा एखादं, तेबी मान राखायला." आणि तो खोटं बोलत नव्हता.

मग शौकियाच्या तोंडून निघालं. "आन् चहा?"

"चहा व्हय," दसूकी म्हणाला. "चहा म्हंजे काय गोड हाय?"

"पेल्यात चमचा उभा ऱ्हातोय, डॉक्टरसाहेब. आन् दिवसभर."

डॉक्टर पेन खाली ठेवून हसले. रक्तातली साखर आधीच वर होती. ते म्हणाले, गोड खाणाऱ्याला नुसतं कापून भागत नाही, माझं मत वळवण्याकडं. दसूकीनं बायकोकडं बघितलं, आणि सही केली.

बाहेर आल्यावर हाज्जी म्हणाले, "बायकोनं घात केला, वस्ताद." गमतीनंच म्हणाले. पण पुढं शौकियाच्या कानात ते वाक्य जाऊन बसलं, आणि कितीही काढलं तरी निघेना.

ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले तसं पाणी, मग गाळलेलं सूप, मग लापशीसारखं मऊ काहीतरी, चमच्या-चमच्यानं. मांसाला दीड महिना हात लावायचा नाही, हे डॉक्टरांनी तीनदा सांगितलं. शौकिया भोपळा शिजवून फडक्यातून गाळायची. दसूकी चमचाभर सूप तोंडात धरून बसायचा आणि एकदम म्हणायचा, "पोट भरलं बघ." त्याच्या स्वतःच्या आवाजात नवल असायचं. चहा बिनसाखरेचा, एक घोट. तोंड कडू करायचा. "मयताच्या घरची बिनसाखरेची कॉफी पितोय जनू," म्हणायचा.

तिसऱ्या आठवड्यात रजईचा दिवस आला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ओझं उचलू नका, बसून सुई चालवा खुशाल. कापूस यंत्रावर पिंजून आणला होता. दसूकीच्या घरी अंगण नव्हतं, म्हणून काम अब्दुल मोअतींच्याच अंगणात ठरलं, आणि तेही खूश. आमच्या दारात गाणी होतील म्हणाले.

बायका ओसरीच्या आत, गज असलेल्या खिडकीमागं बसल्या होत्या. शौकिया विहीणबाईंच्या, सनिय्याच्या शेजारी. गजांतून अंगण दिसत होतं. दसूकी चटईपाशी आला. काठी टेकली. एक गुडघा वाकवला, मग दुसरा. आणि खाली बसला. कुणाचा हात न धरता, दोन वर्षांनी, रजईच्या मध्यावर. शौकियाला वाटलं आता आपण ओरडू. तिच्याऐवजी सनिय्यानंच जिभेनं आनंदाचा लूलूलूचा गजर केला, आणि सगळ्या बायकांनी उचलला. नस्मा आतल्या खोलीत तोंड उशीत घालून रडत होती. रडू चांगलं होतं.

मधलं फूल दुपारपर्यंत निघालं. दाणे मांडल्यासारखा टाका. म्हाताऱ्या गजांना नाक लावून बघत होत्या. मग ताटं आली. चार बदकं, पोटात भात भरलेली, भरल्या आतड्याच्या कड्या, लोण्यातला भात. दसूकीनं आपला डबा काढला, भोपळ्याचं सूप. अब्दुल मोअतींनी तो डबा बघितला आणि त्यांचं तोंड उतरलं. पिंजारी, त्यातून व्याही, त्यातून त्यांच्या दारात, आणि डब्यातलं खाणार. भोवती गावचे पुरुष बसले होते. कुणीतरी म्हणालं, गिरणीवाल्याचं मीठ चालत न्हाई वाटतं पिंजाऱ्याला.

अब्दुल मोअतींनी बदकाची मांडी तोडली. "एक घास, इवाई. आमच्या घरचा."

दसूकीनं पोटावर हात ठेवून सांगितलं, डॉक्टर, अजून काही दिवस. त्यांनी पुन्हा पुढं केलं, यानं पुन्हा हात ठेवला. तिसऱ्यांदा ते उभे राहिले.

"माझ्यावर तलाक," ते म्हणाले, "तू ह्यो घास खाल्ला न्हाईस तर."

त्या भागात ही शपथ बाप्यांच्या तोंडात कायम असते. पाहुणा उठायला लागला की घालतात, बिल कुणी भरायचं यावर घालतात. पाहुण्यानं मोडली तर घालणाऱ्याची बायको त्याच्यावर हराम झाली, अशी बोलवा. शेख सांगतात की तसं काही नसतं, पण गाव शेखांपेक्षा जुनं. शौकियानं शेजारी बघितलं. सनिय्या ताटातला भात एका जागी गोळा करत होती, मान खाली, जसं काही शपथेतली बायको दुसरीच कुणी.

अंगणातून दसूकीनं खिडकीकडं बघितलं. गजांतून त्याला शौकिया दिसली असेल की नाही, तिला ठाऊक नाही. तिला तो दिसला. एक शब्द बोलली असती, खिडकीतून, "त्येला न्हाई चालत," तर निभलं असतं की काय, कुणी सांगावं. पण ते घर पोरीच्या सासरचं. पोरीची सासू शेजारी, तिचा संसार त्या मांडीच्या तुकड्यावर ठेवलेला. आणि एक घास. शौकियालाही वाटलंच, एका घासानं काय होतंय. तिनं मान खाली घातली.

त्यानं खाल्लं. पुरुषांनी "अल्लाह" म्हणून टाळी दिली. अब्दुल मोअतींनी त्याच्या डोक्याचं चुंबन घेतलं.

थोड्या वेळानं तो भिंतीमागं गेला. ओकारीचा आवाज आला, कोरडा, पुन्हा पुन्हा. परत आला तेव्हा ओठ पांढरे. बसला आणि सुई घेतली. नवरीची रजई त्याच दिवशी पुरी व्हायला लागते, अर्धी ठेवणं अपशकुन. काठाकडं येता येता त्याचा डावा खांदा वर वर जायला लागला. हातानं तो खांदा चोळायचा आणि पुन्हा टाका घालायचा. बायका गात होत्या. शौकियाचं लक्ष गाण्यात नव्हतं. ती टाका बघत होती. शेवटच्या काठाला टाका लांब पडायला लागला. तांदळाचा दाणा राहिला नाही, खजुराची बी झाली.

घरी येऊन म्हणाला, खांदा अवघडला, दोन वर्षांनी बसलो ना. दुसऱ्या दिवशी अंग तापलं. शौकियानं जिऱ्याचं पाणी दिलं. डॉक्टरांना फोन लावते म्हणाली, तर तो म्हणाला, थांब, काय सांगणार? कुणी खाऊ घातलं म्हणून विचारतील. त्याच्या पुढच्या दिवशी पोट फळीसारखं झालं तेव्हा तांत्याला नेलं. वरचा सांधा फाटला होता. पुन्हा पोट उघडलं, नळ्या घातल्या. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? दसूकीनं शौकियाकडं बघितलं आणि म्हणाला, सूप.

अब्दुल मोअती रोज यायचे. रसाच्या बाटल्या आणायचे, ज्या त्याला पिता येत नव्हत्या. पलंगाशी बसून लहान पोरासारखे रडायचे. त्या दुपारशी या दुखण्याचा काही संबंध आहे, हे त्यांच्या डोक्यात शिरलंच नव्हतं. त्यांनी खाऊ घातलं होतं प्रेमानं, आणि प्रेमानं खाऊ घातलेलं बाधत नाही.

"त्या डॉक्टरला मी कोर्टात उभा करतो," ते म्हणाले. "माझ्यावर तलाक, न्हाई सोडत त्येला."

दसूकीनं डोळे मिटून घेतले.

गटावर बातमी पसरली होती. दोन वळणवाल्यांनी तारखा रद्द केल्या. एके दिवशी हाज्जी बय्यूमी आणि इतिमाद बाई भेटायला आले. हाज्जी मनानं वाईट नव्हते. दसूकीची अवस्था बघून त्यांचे डोळे भरले. पण जीभ ती जीभ. बाहेरच्या व्हरांड्यात आल्या आल्या म्हणाले, "म्या तवाच बोललो हुतो, सांधा तो सांधा. कापलं असतं तर आज दुकानात असता." आणि चहा घ्यायला निघून गेले.

इतिमाद बाई भिंतीला टेकल्या. चालून धाप लागली होती. पायांना सूज, घोट्यावर साखरेच्या दुखण्याची काळी जखम.

"नस्माच्या आई, सोमवारी माझी तारीख आहे," त्या म्हणाल्या. "हा पाय राहायचा तर ऑपरेशन हवं, असं म्हणाले. मला एकच सांगा. त्यांनी काय खाल्लं होतं?"

"सूप. भोपळ्याचं."

बाई तिच्याकडं बघत राहिल्या. "वर्गात पोरं खडू खातात आणि 'काही नाही बाई' म्हणतात. ओठ पांढरे असतात. तसं सांगताय तुम्ही."

शौकियाच्या पदराचं टोक तिच्या मुठीत ओलं झालं होतं. आतून यंत्राचा टकटक आवाज येत होता. तिनं दाराकडं बघितलं, मग बाईंच्या पायाकडं.

"बदक," ती म्हणाली. "इवायानं शपथ घातली."

"कसली?"

"तीच. बाप्ये घालत्यात ती."

बाईंनी कपाळाला हात लावला. मग म्हणाल्या, "अहो, दहा गरिबांना जेवू घातलं की ती शपथ फिटते. कुठल्याही शेखला विचारा. एका घासासाठी माणूस..."

"घास न्हवता बाई. इहीन हुती ताटात. आन् तिच्या मागं माझी नस्मा."

बाईंनी मान हलवली. आणि मग शौकियाला दिसलं, त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. ऑपरेशनचा दोष नव्हता. लगेच त्यांनी तो चेहरा आवरला, शरमेनं. पण दिसायचं ते दिसलं. शौकियाला राग आला नाही. तिला वाटलं, कुणाला तरी उपयोग झाला.

"कुनाला सांगू नगा," ती म्हणाली. "लगीन मोडंल."

बाईंनी शब्द दिला, आणि पाळला. सोमवारी त्या आत गेल्या आणि चार दिवसांनी घरी आल्या.

दसूकी त्याच आठवड्यात गेला. जाण्याच्या आदल्या दिवशी शुद्धीवर होता. शौकियाला जवळ बोलावून विचारलं, "काठ उसवला का कुणी?" ती म्हणाली, न्हाई. म्हणाला, "मग ऱ्हाऊ दे. जरा लांब पडलाय टाका, पन धरंल."

मयताला आळी लोटली. बिनसाखरेची कॉफी फिरली. "त्यांचं उरलेलं आयुष्य तुम्हाला लाभो," माणसं म्हणत होती. तिकडं गटावर दसूकीचं नाव चालूच. कापवाले म्हणायचे, वळणानं नेला. वळणवाले म्हणायचे, डॉक्टरनं शिवण चुकवली. तिसरे कुणी म्हणायचे, पिंजारी होता, शिवणीचा गर्व केला. शौकियानं एक निरोप ऐकला, दुसरा ऐकला, आणि फोन पिठाच्या डब्यामागं ठेवून दिला. कुणाला खरं सांगायचं तर नस्माचं लग्न, आणि न सांगायचं तर हे असं. लग्न मयताच्या चाळिसाव्या दिवसापुढं ढकललं होतं. रजई अब्दुल मोअतींच्याच घरी होती, पांढऱ्या चादरीत गुंडाळलेली.

चाळिसाव्या दिवशी शौकियाच्या घरी कुराण वाचायला माणूस बसला. घरात बाप्या कुणी नाही, म्हणून सगळं अब्दुल मोअतींनी अंगावर घेतलं. मंडप त्यांचा, मांस त्यांचं, वाढपी त्यांच्या गिरणीतले. डोळे सुजलेले, आवाज बसलेला, पण एकही माणूस उपाशी उठू द्यायचा नाही, असा त्यांचा हट्ट. मयताच्या नावानं खाल्लेला घास मयताला पोचतो. बायकांच्या खोलीतही ते स्वतः ताटं घेऊन येत होते, दारात खाकरून.

इतिमाद बाई कोपऱ्यात बसल्या होत्या. ऑपरेशनचा दीड महिना अजून पुरा झाला नव्हता. चेहरा ओसरला होता, पायात चप्पल मावत होती. समोर पाण्याचा पेला.

अब्दुल मोअतींनी तो पेला बघितला.

"बाई, वस्तादाच्या नावाचं. एक घास."

बाईंनी पोटावर हात ठेवला. नको, म्हणाल्या. डॉक्टरांनी. अब्दुल मोअतींनी मांसाचा तुकडा निवडून ताटाच्या कडेला आणला. मऊ आहे म्हणाले. बाईंनी पुन्हा हात ठेवला आणि शौकियाकडं बघितलं. शौकिया दाराशी उभी होती. नस्मा तिच्यामागं, हातात भाकरीची टोपली. सनिय्या भिंतीशी, मान खाली.

"नाराज करू नगा," अब्दुल मोअती म्हणाले. त्यांचा आवाज चढायला लागला, डोळ्यांत पाणी आलं. "आमच्या मयताचा मान हाय. माझ्यावर त..."

शौकियानं मध्ये येऊन तळहात त्यांच्या तोंडावर ठेवला.

विधवा बाई, चाळिसावा, परका पुरुष, पोरीचा सासरा. खोलीतल्या सगळ्या बायकांचे हात ताटांत थांबले. बाहेर कुराण वाचणाऱ्याचा आवाज तेवढा येत राहिला. त्यांच्या मिशा तिच्या हाताला टोचत होत्या. तिनं हात काढला नाही.

"पुरं," ती म्हणाली. "येकदा झालं ते पुरं, इवाई."

अब्दुल मोअतींनी तिच्याकडं बघितलं. आधी राग होता, लाल, गिरणीत कामगारावर येतो तसा. मग त्यांनी इतिमाद बाईंच्या पोटावरच्या हाताकडं बघितलं. मग परत शौकियाकडं. ते काय समजले, समजले की नाही, हे त्यांनी पुढं कधी कुणाला सांगितलं नाही. लग्न होणार की नाही, हेही त्या घटकेला कुणाला सांगता आलं नसतं. नस्माच्या हातातली टोपली वाकडी झाली होती आणि भाकरी एकेक करून खाली पडत होत्या.

भिंतीकडून सनिय्या उठली. नवऱ्याजवळ आली, त्याच्या हातातलं ताट काढून घेतलं आणि दारातल्या मांजराला तो तुकडा टाकला. मग खाली बसून भाकरी गोळा करायला लागली.